दवाखान्याच्या दिवशीच मरणारी बॅटरी

१

सोनूबाई तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या. आदल्या संध्याकाळपासूनच त्यांना श्वास पुरत नव्हता. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेल्यापासून ठरलेल्या दिवशी जालन्याला जाऊन डायलिसिस केलं की त्यांना बरं वाटायचं, आणि पुढची पाळी जवळ आली की पुन्हा छाती भरून यायची. आज पाळी होती.

कल्याणनं गाडीत बसून किल्ली फिरवली. 'टक्' असा बारीक आवाज आला. त्यानं पुन्हा फिरवली, तर तोही आला नाही. समोरच्या काचेमागचे दिवे मिणमिणले आणि विझले.

कल्याण परतूरचाच पोरगा, वर्षभर या घरची गाडी चालवत होता. तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. गाडी अशी बंद पडायची ही पहिली वेळ नव्हती. उन्हाळा लागल्यापासून हेच चाललं होतं. सोनूबाईंचा मुलगा आदिनाथ याचं परतूरच्या बाजारात कृषी केंद्र होतं. त्यानं मेकॅनिक आणला, मेकॅनिकनं सगळ्या तारा तपासल्या आणि गाडीत काही दोष नाही, बॅटरी जुनी झाली असेल, असं सांगितलं. आदिनाथनं कोरी बॅटरी टाकली. कोरी बॅटरीही मेली. आणि सगळ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की बाजाराच्या दिवशी, लग्नाला जायच्या दिवशी गाडी बिनबोभाट सुरू व्हायची. मरायची ती दवाखान्याच्या दिवशी.

दर वेळी शेजारचा वसंता आपला पिकअप आणायचा, वायर जोडून गाडी सुरू करून द्यायचा. त्या दिवशी वसंता माल घेऊन सेलूला गेलेला. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. शेवटी ओळखीतली एक जीप मिळाली. तोवर ऊन चढलं होतं. वाटेत सोनूबाईंचे ओठ काळेनिळे पडायला लागले, आणि जालन्याच्या दवाखान्यात पोचताच त्यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आज वाचल्या. पुन्हा असा उशीर केलात तर सांगता येणार नाही.

आदिनाथ घरी आला तो थेट कल्याणसमोर उभा राहिला.

"किल्ली ठेव," तो म्हणाला. "अन् उद्यापासून या दारात दिसू नको."

२

आदिनाथचा हिशेब सरळ होता. दवाखान्याच्या दिवशी कल्याणला पहाटे निघावं लागायचं आणि दिवसभर जालन्यात बसून राहावं लागायचं. त्यानं एकदा कुरकुर केली होती, रेल्वे भरतीच्या क्लासला जायचंय, ते दिवस दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. गाडीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असायची. संध्याकाळी घरी जाताना काहीतरी चालू ठेवून जायचं, की सकाळी जायला नको. आणखी कोण करणार?

कल्याणनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, की मावशीच्या जिवाशी खेळणारा माणूस मी नाही. दोन्ही किल्ल्या ओट्यावर ठेवून तो गेला.

आदिनाथची बायको तृप्ती हिला हे पटलं नव्हतं. पण नवऱ्यापुढं मांडायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

सोनूबाई घरी आल्या. पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी आदिनाथनं दोन्ही किल्ल्या स्वतःच्या उशाखाली घेतल्या, पत्र्याच्या फाटकाला कुलूप घातलं आणि वडिलांना गाडीवर लक्ष ठेवायला सांगितलं. रखमाजींनी आयुष्यभर शेती केली, ट्रॅक्टर चालवला; आता घरात त्यांच्याएवढं जागरूक कुणी नव्हतं. गाडीचं तर त्यांना फार. रोज दिवस मावळला की स्वतः तिच्यावर कव्हर चढवायचे, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते काढायचे आणि फडक्यानं धूळ पुसायचे. ती रात्र त्यांनी बाजेवर बसून काढली. सकाळी त्यांनी शपथेवर सांगितलं, की फाटकाच्या आत मांजरसुद्धा आलं नाही.

आदिनाथनं किल्ली फिरवली. 'टक्.'

वसंताच्या पिकअपनं गाडी सुरू झाली, सोनूबाई वेळेत पोचल्या. पण आदिनाथच्या डोळ्यांत आता रागाऐवजी भीती दिसत होती. कुणी करणी केली असेल का, असं तो हळूच म्हणाला, तेव्हा तृप्तीनं फोन उचलला.

३

अक्षता खरात आणि तृप्ती इंजिनिअरिंगला एका खोलीत राहिलेल्या. अक्षता आता नवीन जालन्यात राहून विम्याच्या गाड्यांचे सर्व्हे करायची. अपघात झालेली गाडी पाहायची आणि मालक सांगतो तसंच घडलं का, ते ठरवायचं, हा तिचा रोजचा धंदा. खोटं बोलणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. पण मोडक्या गाडीपेक्षा धडधाकट गाडीनं आपल्याला जास्त छळावं, हे तिला नवीन होतं.

गाडी जिथं उभी होती ती जागा तिनं आधी पाहिली. एरवी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असायची, पण पेरणीसाठी उन्हाळा लागल्यापासूनच शेड बियाण्यांच्या आणि खतांच्या गोण्यांनी भरलं होतं. म्हणून गाडी फाटकातून आत येणाऱ्या उतारावर, अंगणाकडे तोंड करून उभी असायची. मागं बंद फाटक, पुढं अंगण.

अक्षतानं बॅटरीच्या तारेत मीटर लावला. गाडी बंद असताना जेवढी वीज जायला हवी, तेवढीच जात होती. तिनं दारं उघडली, लावली, डिकी आपटली, तासभर थांबली. काटा हलला नाही. मेकॅनिक बरोबर होता. गाडीत दोष नव्हता.

मग ती माणसांकडे वळली.

वसंता फाटकापाशीच भेटला. सांडपाण्याच्या नालीवरून त्याचं आणि आदिनाथचं भांडण झालेलं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तो स्वतःच म्हणाला, की नालीसाठी म्हातारीचा जीव घेणारा मी न्हाई, उलट दर वेळी मीच गाडी चालू करून द्यायलो. मग जाता जाता त्यानं सांगितलं, की रात्री लघवीला उठलं की फाटकाच्या फटीतून कव्हरखाली लालसर उजेड दिसतो. चोराला घाबरवायला अलार्म बसवलाय ना, त्याचाच असंल.

अक्षताचे कान टवकारले. हा अलार्म परतूरच्या मिथुननं बसवला होता. गाड्यांना टेप, कॅमेरे, अलार्म लावायचं त्याचं दुकान होतं. तिनं त्याला बोलावून डॅशबोर्डखालचं झाकण काढायला लावलं. आत तारांचा गुंता होता, एका जोडाला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. मिथुन चाचरायला लागला. काम बराबर केलंय, बाई, असं दोनदा म्हणाला.

अक्षताला उत्तर मिळालं. जोड सैल आहे, मध्येच चिकटतो, रात्रभर वीज खातो. तिनं अलार्म उपटून काढला, तारा नीट बांधल्या, बॅटरी पूर्ण चार्ज करून दिली. आदिनाथनं हात जोडले. जालन्याला परतताना तिच्या मनाला एकच गोष्ट टोचत होती. सैल जोडाला दवाखान्याचे दिवस कसे कळतात?

पुढच्या पाळीच्या सकाळी तृप्तीचा फोन आला. आवाज इतका बारीक होता, की अक्षताला तो ओळखू आला नाही.

"मेली," तृप्ती म्हणाली. "पुन्हा मेली."

४

वसंताच्या पिकअपनं गाडी सुरू झाली आणि सोनूबाई वेळेत पोचल्या. दुसऱ्या दिवशी अक्षता परतूरला आली, पण या वेळी आधी घरी गेली नाही. ती कापसाच्या जिनिंगवर गेली. कल्याण तिथं सरकीची गाडी चालवायला लागला होता.

तो मोकळेपणानं बोलला नाही. चोर ठरवलेल्या माणसानं पुन्हा पुन्हा काय सांगायचं, असं त्याला वाटत असावं. ती तशीच उभी राहिली, तेव्हा तो म्हणाला, "एक गोष्ट सांगितली होती मी आदिनाथदादाला, त्यांनी ऐकली न्हाई. मी उंच माणूस. सीट पूर्ण मागं घेऊन बसतो. पण ज्या दिवशी गाडी बंद पडायची, त्या दिवशी सीट पुढं सरकलेली असायची. बिलकुल पुढं. माझे गुडघे अडकायचे."

"म्हणजे रात्री दुसरं कुणीतरी बसायचं?"

"दादा म्हणाले, मी भुताच्या गोष्टी सांगून राह्यलो."

अक्षता गल्लीत पोचली तो वसंता पिकअप धूत होता. तिला बघून त्यानं पाण्याचा पाइप खाली टाकला. अलार्म काढला म्हणता, मग पाळीच्या आदल्या रात्री तो लाल उजेड पुन्हा कसा दिसला, असं त्यानं विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्यालाही खरंच कळत नव्हतं.

अक्षता जागीच थांबली. मग तिनं गाडीच्या मागच्या दिव्यांचे स्क्रू काढले. अपघातातल्या गाडीचे बल्ब बघून, धडकेच्या वेळी ब्रेक दाबला होता की नाही, हे ती अनेकदा सांगायची. इथं धडक नव्हती. पण ब्रेकच्या दोन्ही बल्बांची काच आतून काळवंडली होती, आणि एका बाजूचं लाल प्लास्टिक उष्णतेनं किंचित वाकलं होतं. गाडी जेमतेम तीन वर्षांची. हे दिवे कित्येक रात्री सलग जळले होते.

ब्रेकचे दिवे किल्लीशिवायही लागतात. पण त्यासाठी पेडल दाबलेलं असावं लागतं. कुलूपबंद फाटकाच्या आत, रखमाजी पहाऱ्यावर असताना, रात्रभर ब्रेकवर पाय ठेवून कोण बसणार?

ती ड्रायव्हरच्या बाजूला वाकली. मोबाइलचा उजेड पाडला. ब्रेकच्या रबरावर रुपयाएवढा गोल दबलेला खळगा होता. सीटच्या खालच्या पट्टीवरही तसाच डाग होता, आणि मॅटवर लाकडाची बारीक कुसळं पडली होती.

पाय नव्हे, तर दांडा होता तो. एक टोक ब्रेकवर, दुसरं सीटला, आणि सीट पुढं ढकलून तो घट्ट बसवलेला. कव्हर घालायच्या आधी लावायचा, काढल्यावर काढायचा. म्हणून मेकॅनिकला आणि तिलाही दिवसा काही सापडलं नव्हतं.

कव्हर कोण घालतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

५

अक्षता ओट्यावर बसली. तिला हे पटत नव्हतं. बायकोच्या दवाखान्याच्या दिवशीच नवऱ्यानं गाडी मारावी?

तिनं तृप्तीला विचारलं, प्रत्येक वेळी दवाखान्याचाच दिवस होता का, नक्की. तृप्ती हो म्हणाली, मग अडखळली. एकदा पाळीचा दिवस असूनही गाडी सुरू झाली होती. आदल्या रात्री वावटळ सुटली होती, म्हणून लक्षात होतं. आणि एकदा पाळी नसताना बंद पडली होती. घरी पाहुणे मुक्कामाला होते, त्या वेळी.

"वावटळीच्या रात्री काकू कुठं झोपल्या होत्या?"

"घरात. बाहेर कशा झोपतील?"

"आणि पाहुणे आले तेव्हा?"

"अंगणात. घरात जागाच नव्हती." तृप्ती तिच्याकडे बघत राहिली. "पाळीच्या आदल्या रात्री आत्याबाईंना आत कोंडल्यासारखं होतं. त्या बाहेरच बाज टाकायला लावतात."

अक्षतानं बाज कुठं टाकतात ते विचारलं. तृप्तीनं बोट दाखवलं. उताराच्या बरोबर पायथ्याशी, गाडीच्या तोंडासमोर.

रखमाजी गोठ्याकडून येत होते, मागोमाग आदिनाथही आला. अक्षतानं त्यांना बसायला जागा दिली आणि साध्या आवाजात विचारलं, "काका, ब्रेकला दांडा तुम्ही लावता का?"

ते दचकले नाहीत. चोरून आदिनाथकडे एकदा पाहिलं मात्र.

"लावतो की," ते म्हणाले. "फावड्याचा तुटका दांडा हाय. ही खाली झोपती तेव्हाच लावतो. आधी चाकाला धोंडे लावायचो. एकदा धोंड्याला घासून बंपर फुटला, आदिनाथ लई ओरडला. मंग धोंडे लावले न्हाईत."

त्यांनी मग शांतपणे सगळं सांगितलं. तरुणपणी बांधावर उभा केलेला ट्रॅक्टर आपोआप घरंगळला होता आणि धाकट्या भावाच्या, बद्रीनाथच्या पायावरून गेला होता. बद्रीनाथ अजून काठीवर चालतो. तेव्हापासून उतारावरच्या गाडीचा त्यांना भरवसा नव्हता. ट्रॅक्टरला ब्रेक दाबून खिटी अडकवता येते. या गाडीला खिटी नाही, तो हँडब्रेक म्हणजे नुसती बोटभर दांडी. म्हणून त्यांनी आपली खिटी केली. फाटक बंद असल्यामुळं गाडीचं दार कुणी कुलूपबंद करत नसे, किल्लीची गरजच नव्हती. कुणी त्यांना त्याबद्दल विचारलं नव्हतं. गाडीजवळ कुणी आलं का, एवढंच विचारलं होतं, आणि कुणी आलं नव्हतं.

अक्षतानं ब्रेक, मागचे दिवे आणि बॅटरी यांचा संबंध सांगितला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. सांगता सांगता तिला वाटलं, की हे इथंच थांबवता आलं तर बरं. पण रखमाजी समजले होते. त्यांचे हात मांडीवर थांबले.

"म्हंजी त्या दिवशी बी," ते म्हणाले. "जीपमधी नेलं त्या दिवशी."

"हो, काका."

ते उठले आणि गोठ्याच्या मागं निघून गेले. आदिनाथ त्यांच्या मागं जायला निघाला, तर तृप्तीनं त्याला धरून ठेवलं.

६

घरानं ठरवलं, की सोनूबाईंना यातलं काही सांगायचं नाही. वायरिंगचा दोष निघाला, दुरुस्त झाला, एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या फार प्रश्न विचारत नसत.

कल्याणचं मात्र तसं ठेवता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी रखमाजींनी आदिनाथला उठवलं आणि म्हणाले, कल्याणला चोर तू म्हणला, दांडा मी लावला, चल, दोघं बी जाऊ. कल्याणच्या घरासमोर गल्लीतली माणसं बसली होती. रखमाजींनी त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. मग आदिनाथ म्हणाला, की चूक माझी हाय, तू परत ये.

कल्याण बराच वेळ चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. त्यानं सांगितलं, की नोकरीवर येणार नाही. जिनिंगवर बरं चाललंय. आदिनाथनं मान खाली घातली. दोघं निघाले, तेव्हा मागून कल्याणनं मावशीची पाळी कधी आहे ते विचारलं. त्या दिवशी सुट्टी काढतो, म्हणाला. तुम्हाला दुसरा माणूस मिळेपर्यंत.

पाळीच्या सकाळी गाडी एका किल्लीत सुरू झाली. शेडमधल्या गोण्या एका कडेला रचून तिथं जागा केली होती. रखमाजी कधी दवाखान्यात जात नसत. त्या दिवशी ते मागच्या सीटवर बायकोशेजारी बसले. कल्याणनं आरशातून दोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि रेडिओ लावला नाही.

डायलिसिस सुरू झाल्यावर परिचारिकेनं त्यांना खाटेशेजारी स्टूल दिलं. नळीतून रक्त यंत्रात जात होतं आणि परत येत होतं. रखमाजी ते बघत बसले. मग त्यांनी सांगून टाकलं, दांड्यापासून जीपपर्यंत सगळं. घरात ठरलेलं मोडून. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तोंड दुसरीकडे वळवलं.

सोनूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना झोप लागली की काय, असं रखमाजींना वाटलं.

"मला सांगायचं न्हाई का?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मी बाज बाजूला घेतली असती. दोन हात सरकवली की झालं."

रखमाजींनी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"वारं तिथंच लागतं," ते म्हणाले. "दुसरीकडं टाकली की तू रातभर कण्हती."

सोनूबाईंनी मोकळा हात चादरीबाहेर काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चार माणसांत त्यांनी नवऱ्याला कधी हात लावला नव्हता. त्यांनी रखमाजींच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि यंत्र थांबेपर्यंत सोडली नाही.